बेलास्तेगीन : सोळा वर्षं पहिला नंबर, आणि स्टेटसला ठेवावा असा एक फटका नाही!

काचेमागचा (धागाकर्ता)

गेल्या रविवारी खेळ झाल्यावर चहाच्या टपरीवर आमच्यात वाजलं. विषय नेहमीचाच, पॅडेलमध्ये सगळ्यांत भारी कोण. पंचविशीतल्या तिघांचं आधीच ठरलेलं होतं, आगुस्तीन तापिया. मी म्हटलं, फर्नांडो बेलास्तेगीन, म्हणजे सगळ्यांचा 'बेला'. "कोण?" मग एकाने मोबाइलवर बेलाची जुनी मॅच लावली, तिघांनी डोकी जवळ घेऊन दोन मिनिटं पाहिली आणि निकाल देऊन टाकला, "काका, हा तर नुसता बॉल परत टाकतोय."

काका म्हटल्याचं दुःख वेगळं. पण त्या वाक्याला मला तिथल्या तिथे उत्तर सुचलं नाही, म्हणून हा धागा.

आधी उच्चाराचं उरकून घेऊ. स्पेनमध्ये पादेल म्हणतात, आपल्याकडे पॅडल, पॅडेल दोन्ही चालतं. कुणी 'पडेल' म्हणत असेल तर म्हणू द्या, पहिले दोन महिने तेच खरं असतं.

ज्यांनी खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी: २० मीटर लांब, १० मीटर रुंद कोर्ट, मागे काच, बाजूंना थोडी काच आणि थोडी जाळी. नेहमी दोघं विरुद्ध दोघं. सर्व्हिस खालून, कमरेच्या वर नाही. गुण टेनिससारखे. खरी मेख काचेत आहे. टप्पा पडून काचेवर आपटलेला बॉल खेळता येतो, त्यामुळे टेनिसमध्ये जिथे गुण संपतो तिथे इथे तो सुरू होतो. तुम्ही जीव खाऊन मारलेला बॉल मागच्या काचेवरून समोरच्याच्या रॅकेटवर आयता येऊन बसतो. टेनिस-बॅडमिंटनकडून आलेला प्रत्येक जण हे पहिल्या महिन्यात शिकतो, रडत रडत.

आता बेला. जन्म १९७९, पेवाखो नावाच्या गावी. हे ब्वेनोस आइरेस प्रांतातलं शेतीभातीचं गाव, राजधानीपासून साडेतीनशे किलोमीटर आत. खेळ जन्मला मेक्सिकोत (१९६९, अकापुल्को, एन्रिके कोर्कुएराच्या घरच्या अंगणात), पण तो अंगावर घेतला अर्जेंटिनाने. बेला शाळेत होता तेव्हा तिकडे पॅडेलची साथ आली होती. सिमेंटच्या भिंतींची कोर्टं जिकडेतिकडे उभी राहिली. काच नंतरची. मग साथ ओसरली, कोर्टं ओस पडली आणि देशाचंच आर्थिक दिवाळं निघायची वेळ आली. चांगले खेळाडू स्पेनला गेले. त्यांत हा.

२००२ मध्ये त्याची आणि खुआन मार्तीन दियासची जोडी जमली. ती टिकली २०१४ पर्यंत, १३ वर्षं. (आमच्याकडे जोडीदार पावसाळ्यापर्यंत टिकत नाही.) दोघांनी मिळून दीडशेहून जास्त स्पर्धा जिंकल्या. मध्ये एक काळ असा होता की सलग २२ स्पर्धा यांच्याच. पावणेदोन वर्षं कुणी हरवलंच नाही. पुढे दियास सुटला, पाब्लो लिमा आला, आणि पहिला नंबर २०१७ अखेरपर्यंत बेलाकडेच राहिला. १६ वर्षं, आणि त्या १६ वर्षांत जोडीदार फक्त दोन.

एवढं सगळं करणाऱ्या माणसाचं नाव खेळणाऱ्या पोरांना माहीत नाही, आणि मॅच दाखवली तर 'नुसता परत टाकतोय'. चूक पोरांची, की बेलाचा खेळच दिसत नाही असा आहे?

शंकासुर

वाचतोय. एक बाळबोध प्रश्न. जोडीचा खेळ आहे तर 'बेलाचा पहिला नंबर' म्हणजे काय? जोडीचा नंबर नाही का?

काचेमागचा

गुण प्रत्येकाच्या नावावर जमा होतात. जोडी एकत्रच जिंकत असल्यामुळे दोघांचे सारखेच होतात आणि पहिला नंबर विभागून. जोडी फुटली की आपापले गुण घेऊन दोघं निघाले. घटस्फोटात भांडी वाटून घेतात तसं.

जुना टेनिसवाला

दियासचं नाव एका ओळीत उरकलंत, हे पटलं नाही. त्या जोडीतला कलाकार दियास होता. डावखुरा, मनगट म्हणजे लोणी. स्मॅश बसून बॉल कोर्टाबाहेर उडाला की हा दारातून बाहेर पळत जाणार आणि तिथून, प्रेक्षकांच्या पायांशी उभा राहून, बॉल परत आत आणणार. आज कोएयो-तापिया ही जोडी जे करते त्यावर लोक शिट्ट्या मारतात, त्यातलं अर्धं दियासने आधी करून ठेवलंय. बेला त्या वेळी काय करत होता? आपल्या बाजूला उभा राहून वाट बघत होता.

काचेमागचा

@जुना टेनिसवाला, मान्य. पण दियास बाहेर पळाला की अख्खं १० मीटर कोर्ट कोण सांभाळत होतं? 'वाट बघत होता' यातच सगळं आलं. तो पुढचा बॉल कुठे येणार त्याची वाट बघत होता.

खडूस आजोबा

तिसरा-चौथा प्रतिसाद झाला आणि अजून द्रविड कसा नाही आला? मीच आणतो. 'भिंत' म्हणा आणि धागा बंद करा.

काचेमागचा

आजोबा, या खेळात चार भिंती आधीपासून आहेत, पाचवी कशाला. आणि बेला बचावाचा खेळाडू नव्हताच. तो डाव्या बाजूला खेळायचा. ती बाजू आक्रमण करणाऱ्याची समजतात.

पेठेतला लॉब

धागा आवडला. डाव्या-उजव्या बाजूचं जरा सविस्तर लिहितो, कारण बेलाची अर्धी कहाणी तिथेच आहे.

नेटकडे तोंड करून दोघं उभे आहेत असं समजा. डावीकडे उजव्या हाताचा माणूस. त्याचा फोरहँड कोर्टाच्या मधल्या अंगाला येतो. आता उजवीकडे डावखुरा उभा करा. त्याचाही फोरहँड मधल्याच अंगाला. म्हणजे मधोमध आलेल्या प्रत्येक उंच बॉलवर दोन तलवारी उपसलेल्या. उरले कोपरे, तिथे दोघांचे बॅकहँड, आणि तिथे काच मदतीला आहे. दोघंही उजव्या हाताचे असतील तर उजवीकडच्याला मधला बॉल बॅकहँडने घ्यावा लागतो, उंच आलेल्या बॉलवर ते अवघड.

आता बेलाचे जोडीदार बघा. दियास डावखुरा. लिमा डावखुरा. नंतरचा कोएयोही डावखुरा. हा योगायोग नाही. पहिल्या नंबरची ती १६ वर्षं एका डावखुऱ्याच्या शेजारी उभं राहून काढलेली आहेत.

पण अशा जोडीत मध्ये आलेला बॉल कुणाचा, यावर भांडणं फार होतात. दोन्ही फोरहँड सरसावतात, रॅकेटवर रॅकेट आपटते. (आमच्या क्लबात एका काकांचा चष्मा गेलाय.) बेलाची मॅच बघाल तेव्हा बॉल बघू नका, तो कधी सोडतो ते बघा. स्वतःला सहज मिळणारा बॉल तो जोडीदाराला ठेवतो, कारण जोडीदाराचा कोन जास्त चांगला असतो. हे स्टेटसला कसं ठेवणार?

मीच ती डावखुरी

+१००. आयुष्यात पहिल्यांदा डावखुरी असल्याचा भाव वधारलाय, माझ्याकडे बुकिंगसाठी रांग लागते. बायकांच्या खेळातही हेच दिसेल. पाउला होसेमारिया डावखुरी, आरी सांचेझ उजवी, दोघींची जोडी कित्येक मोसम पहिल्या नंबरवर होती.

अवांतर: सारागोसाच्या जुळ्या बहिणी, मापी आणि माखो सांचेझ आलायेतो, यांच्यावर कुणीतरी वेगळा धागा काढा. त्यांचाही एके काळी असाच दरारा होता.

दुबईवाला नाना

इकडे पॅडेल आपल्याकडच्यापेक्षा बरंच आधी आलं. आमचा कोच अर्जेंटिनाचा आहे. त्याने पहिल्या दिवशी स्मॅश शिकवायला साफ नकार दिला. तीन आठवडे फक्त दोन गोष्टी, लॉब आणि बांदेखा. लॉब म्हणजे समोरच्याच्या डोक्यावरून उंच टाकलेला बॉल. बांदेखा म्हणजे ट्रे. वेटर खांद्यापाशी ट्रे धरतो तसा हात न्यायचा आणि डोक्यावरून आलेला बॉल जोरात न मारता खोल कोपऱ्यात कापून ठेवायचा. गुण मिळवायला नाही, नेटवरची जागा सोडावी लागू नये म्हणून.

मला हे समजायला फार वेळ लागला. पॅडेलमध्ये नेट म्हणजे गडाचा बुरूज. वरचे दोघं जिंकत असतात, खालचे दोघं त्यांना खाली ओढायचा प्रयत्न करत असतात. खालच्यांचं हत्यार लॉब, वरच्यांचं उत्तर बांदेखा. बेलाचं एक सूत्र मला दिसतं: बुरूज सोडायचा नाही. समोरच्याने लॉब टाकला, याने बांदेखा. पुन्हा लॉब, पुन्हा बांदेखा, खोल, त्याच कोपऱ्यात, काचेच्या इतक्या बुडाशी की बॉल वर उसळतच नाही. सातव्या-आठव्या वेळी समोरच्याचा लॉब हातभर आखूड पडतो. तेव्हा बेला मारतो, आणि तो फटका इतका सोपा असतो की तुमच्या पोरांना वाटतं, त्यात काय.

काचेमागचा

नाना, हे टपरीवर सुचलं असतं तर चहा मी पाजला असता. काल एक गुण मी तीनदा मागे नेऊन पाहिला. शेवटचा फटका शेंबड्या पोराने मारावा इतका सोपा. तो सोपा का झाला हे बघायला पंधरा-वीस सेकंद मागे जावं लागतं.

जुना टेनिसवाला

सगळं खरं, पण एक कडू गोष्ट कुणी बोलत नाही म्हणून बोलतो. त्या काळात स्पर्धा किती होती? खेळ म्हणजे स्पेन आणि अर्जेंटिना, वर चार ब्राझिलियन. २२ स्पर्धा सलग जिंकणं आजच्या घडीला कोणाला जमेल? आज विसाव्या नंबरची जोडीही दिवसभर व्यायामशाळेत असते. रॅकेट बदलल्या, बॉल वेगाने उडतो. कोएयो जवळपास १ मीटर ९० सेंटिमीटर उंचीचा. तो मारतो तेव्हा बॉल टप्पा पडून बाजूच्या तीन मीटर भिंतीवरून बाहेर जातो नाहीतर मागच्या काचेवर आपटून नेट ओलांडून परत स्वतःकडे येतो. त्यावर बांदेखा-बांदेखा खेळून काय होणार?

बार्सेलोनाकर

@जुना टेनिसवाला, अर्धं बरोबर. तेव्हा मैदान लहान होतं हे कबूल. पण दोन गोष्टी.

एक, बेला-दियासच्या मागे कायम एक जोडी लागलेली होती, खुआन मिएरेस आणि पाब्लो लिमा. बेला-दियासना 'राजे' म्हणायचे आणि या दोघांना 'राजपुत्र'. राजपुत्र वर्षानुवर्षं दुसरे. २०१४ संपताना दियासची साथ सुटली तेव्हा बेलाने शेजारी कोणाला घेतलं? त्याच राजपुत्रांतल्या लिमाला! ज्याला इतकी वर्षं हरवलं, ज्याच्या खेळातलं काय दुखतं हे पाठ होतं, तोच. आणि लगेच पुन्हा पहिला नंबर, आणखी तीन वर्षं.

दोन, हा माणूस नव्या काळातही खेळलाय. पॅडेल प्रो टूर ही स्पर्धामालिका पाहिली, २०१३ पासूनची वर्ल्ड पॅडेल टूर पाहिली आणि कतारच्या पैशावर उभी राहिलेली प्रीमियर पॅडेलही पाहिली. २०१८ मध्ये कोपराने दगा दिला, बराच काळ बाहेर बसला, त्या वर्षी पहिला नंबर सान्यो गुतिएरेस आणि माक्सी सांचेझकडे गेला. चाळिशीला टेकलेला माणूस. इथे कोणीही थांबलं असतं.

मग २०१९ मध्ये त्याने शेजारी एक पोरगा घेतला. कातामार्काचा, विशीतला. धागाकर्ते, नाव ओळखा.

काचेमागचा

तापिया!!! हे मला माहीत होतं आणि टपरीवर आठवलं नाही. कपाळमोक्ष.

बार्सेलोनाकर

अजून थांबा. २०२१ मध्ये सान्योबरोबर खेळला, आणि २०२२ मध्ये पुन्हा एक पोरगा घेतला. बायादोलिदचा, डावखुरा, उंच. आर्तुरो कोएयो. जन्म २००२. बेला पहिल्यांदा पहिल्या नंबरवर गेला त्या वर्षी हे बाळ जन्मलं होतं.

२०२३ मध्ये कोएयो आणि तापिया एकमेकांचे जोडीदार झाले आणि पहिला नंबर त्यांचा. म्हणजे तुमच्या पोरांच्या आवडत्या तापियाची ही जोडी एकाच माणसाच्या शेजारी उभी राहून शिकून गेलेली आहे, एक आधी, एक नंतर. बेलाच्या खेळात फटका दिसत नाही म्हणता ना? तो दुसऱ्यांच्या हातात दिसतो.

खडूस आजोबा

या शेवटच्या वाक्यावर टाळ्या अपेक्षित आहेत का? असो. वाजवतो.

पण मास्तरकी फार गोड करू नका. व्यावसायिक खेळाडू आहे. चाळिशीनंतर पाय हलत नाहीत तेव्हा पळणारा, मारणारा पोरगा शेजारी हवाच. गरज दोघांची होती.

बार्सेलोनाकर

आजोबा, १००% सहमत. पण गरज सगळ्यांनाच असते, निवड सगळ्यांची बरोबर येत नाही. त्याने उचललेले हे दोघं पुढे एक नंबर झाले. मिगेल यांगुआसला २०२३ मध्ये घेतलं तेही विशीतलंच पोर.

शंकासुर

अजून एक बाळबोध. शेजारी कोएयोसारखा तोफखाना असेल तर समोरचे त्याच्याकडे बॉल देतीलच कशाला? सगळे बेलाकडेच टाकतील ना?

पेठेतला लॉब

हा मुळीच बाळबोध प्रश्न नाही. स्पॅनिश खेळाडूंचा याला शब्द आहे, 'नेव्हेरा', म्हणजे फ्रिज. एकाला फ्रिजमध्ये टाकायचं, म्हणजे त्याच्याकडे बॉलच जाऊ द्यायचा नाही. तो गार पडतो, हात आखडतो, मग सात-आठ मिनिटांनी एक बॉल आला की घाईघाईत काचेत घालतो. दुसरा बिचारा सगळं अंगावर घेऊन दमतो.

म्हणून त्रेचाळिशीच्या माणसाचं काम काय? आपल्या अंगावर येणारा सगळा मारा न चुकता परत करत राहायचा, आणि असा परत करायचा की समोरच्याचं उत्तर नाइलाजाने जोडीदाराकडे जावं. फ्रिजचं दार बाहेरून उघडायचं. त्यासाठी बेला चिकिता वापरायचा, म्हणजे नेटवर उभ्या असलेल्याच्या पायांशी टाकलेला हळू बॉल. तो खालून उचलावा लागतो, उचलला की वर येतो, वर आला की शेजारचा तोफखाना तयार.

आता ती पोरं म्हणतात ना, 'नुसता परत टाकतोय'? हो. पण कुठे ते बघा.

दुबईवाला नाना

फ्रिज! आमच्या घरात हे तंत्र सौ. माझ्यावर वापरतात, शब्द आज कळला. हलके घ्या.

मीच ती डावखुरी

निवृत्तीबद्दल कुणी लिहिलं नाही. २०२४ हा शेवटचा मोसम असं आधीच जाहीर करून तो खेळला, खुआन तेयोबरोबर, वयाच्या ४५ व्या वर्षी. मला त्यातलं हे आवडलं की वर्षभर निरोप चालू असूनही कोर्टावर सूट घेतली नाही. समोरच्यांनीही दिली नाही. शेवटी शेवटी लवकर हरायचा, बघवत नसे, तरी बघायचे.

जुना टेनिसवाला

मी काल रात्री तुमच्या सगळ्यांच्या नादाने बेला-लिमाच्या दोन मॅच सलग पाहिल्या. दियास कलाकार होता या मतावर मी अजून ठाम आहे. पण तेरा वर्षं कलाकाराशेजारी बिनबोभाट उभं राहणं माझ्याच्याने झालं नसतं, एवढं लिहून जातो. आणि एक दिसलं. पाच-पाच गेम झाले, बाकी तिघांचे खांदे वर चढलेत, आणि हा सर्व्हिस घ्यायला तसाच उभा, पहिल्या गेमला होता तसा. गोल्डन पॉइंट तर नंतर, २०२० मध्ये आला, ४०-४० ला एकच गुण, निकाल. अशा खेळात हा माणूस पंचविशीत कसा दिसला असता, विचार करतोय.

काचेमागचा

रिपोर्ट देतो. मागच्या रविवारी टपरीवर तिघांना 'तापियाचा जुना जोडीदार कोण' हे सांगितलं. एकाचा विश्वासच बसेना, त्याने शोधलं आणि मग गप्प चहा प्यायला. दुसरा म्हणाला, "काका, मग पुढच्या रविवारी तुम्ही बेलासारखं खेळून दाखवा." दाखवलं. नुसते लॉब आणि बांदेखा, पहिला सेट ६-३ आमचा. दुसऱ्यात माझ्या जोडीदाराचा संयम सुटला, त्याने चार स्मॅश काचेत आणि एक शेजारच्या कोर्टावर मारला. १-६. तिसऱ्याला कोर्टाची वेळ संपली.

तेव्हा जाहीर: डावखुरा जोडीदार हवा आहे. पुणे, रविवारी सकाळी सात. संयम असावा. चष्मा असल्यास स्वतःच्या जबाबदारीवर.

मीच ती डावखुरी

मी आहे. पण लॉब येत नाही.

काचेमागचा

लॉब मी टाकतो. मधला बॉल तुमचा.